तीन नंबरची चिमणी

गायमुखच्या चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये रखडत होती आणि मागच्या सीटच्या पलीकडून चिमणी चिवचिवल्यासारखा आवाज यायला लागला. मे महिना, दुपारचे अडीच, पुढे कंटेनर, मागे कंटेनर. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना यापुढचं वर्णन नको. ॲक्सिलरेटर दाबला की चिमणी बोलायची, पाय काढला की गप्प. घाट उतरून गाडी सपाटीला लागली तशी ती जवळजवळ ऐकूच येईना, आणि पंख्याचा पट्टा ओरडतोय अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली.

गाडी म्हणजे १९६९ ची बीटल. इंजिन मागे, पाणी नाही, रेडिएटर नाही, पंखा वारा घालतो आणि त्या वाऱ्यावर सगळा संसार. मूळचं इंजिन १४९३ सीसीचं. मी त्यात ९०.५ मिलिमीटरचे सिलिंडर घालून ते १७७६ सीसीचं केलं; स्ट्रोक तोच, ६९ मिलिमीटर. वागळे इस्टेटमध्ये माझा गाळा आहे. दिवसा जिग-फिक्स्चरची पोटापाण्याची कामं आणि रात्री आठनंतर हे उद्योग. मोठे सिलिंडर बसावेत म्हणून क्रँककेस (इंजिनाचं खालचं धड) आणि हेडं (सिलिंडरवरची झाकणं) मीच बोअर केली, दोन कार्ब्युरेटर चढवले, व्हॉल्व्ह मोठे केले. हाय-परफॉर्मन्स, हाय-परफॉर्मन्स म्हणतात ते एवढंच असतं: बनवणाऱ्याने जे मागितलं नव्हतं ते इंजिनाकडे मागायचं आणि ते कुठून देतंय यावर डोळा ठेवायचा. मी मागितलं भरपूर. डोळा ठेवायचा राहिला.

पट्टा दोनदा बदलला. गाळ्यातल्या पोराने त्यावर साबण घासून पाहिला, डायनॅमोचं बेअरिंग पाहिलं. चिमणी होती तिथेच. आठवडाभराने रात्री जेवताना बाबांसमोर विषय निघाला. निघाला म्हणजे आईने काढला. मला बाबांना सांगायचंच नव्हतं. बाबा एकतीस वर्षं वागळेतल्याच एका कारखान्यात फिटर होते. आता वय ७९, गुडघे गेलेले, पाचपाखाडीच्या चौथ्या मजल्यावरून खाली उतरणं म्हणजे मोहीम. लिफ्ट आहे, पण लिफ्टवर त्यांचा विश्वास नाही. तिचा दोर कोणी तपासतं का, असं ते दर सोसायटी मीटिंगला विचारतात.

“टॅपेट कधी लावलेस?” त्यांनी विचारलं.

“पंधरा दिवस झाले.”

“गॅप कमी झाला होता की वाढला होता?”

टॅपेट लावणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा रॉकर यांच्यातला गॅप मोजून बसवणं. मी आठवलं. तीन नंबरच्या दोन्ही व्हॉल्व्हचा गॅप वाढला होता, जवळजवळ दुप्पट. मी तो निमूटपणे सहा थाऊवर, म्हणजे इंचाच्या सहा हजारांशांवर, आणून बसवला, झाकण लावलं आणि विसरून गेलो.

“मग हेड उठलंय,” बाबा आमटीत भात कालवत म्हणाले. “पट्ट्याला कशाला छळतोस?”

हे कळायला मला आठवडा लागला होता आणि त्यांना आमटीचा एक घास. कारण साधं आहे. या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे केसमध्ये, रॉकर वर हेडवर, आणि दोघांच्या मध्ये पुशरॉड. हेड केसपासून केसभर लांब गेलं की तेवढी जागा पुशरॉडच्या टोकाला मोकळी पडते. व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत गेला, ताणला गेला, तर गॅप कमी होतो. ती रोजची झीज. गॅप विनाकारण वाढला तर समजायचं की हेड धरून ठेवणारा स्टड, म्हणजे केसमध्ये रोवलेला लांब आट्यांचा दांडा, केसमधून उपटत चाललाय. आणि तीन नंबरच का? तर १९७१ च्या आधीच्या बीटलमध्ये ऑइल कूलर पंख्याच्या घरातच, तीन नंबरच्या वाऱ्याच्या वाटेत उभा असतो. त्या सिलिंडरला आधी दुसऱ्याच्या अंगावरून आलेला गरम वारा मिळतो. घरात एक पोर असं असतंच, ज्याला कायम थोरल्याचे उतरलेले कपडे.

शनिवारी इंजिन उतरवलं. बीटलचं इंजिन उतरवणं सोपं: चार बोल्ट, थोड्या वायरी, एक केबल, आणि खाली घालायला बुटकी ट्रॉली. डाव्या बाजूचं हेड काढलं. तीन नंबरच्या सिलिंडरच्या कडेवर, जिथे ती हेडला टेकते तिथे, काळी रेघ होती. काजळाच्या बोटाने ओढावी तशी, आतून बाहेर, जेमतेम दोन सूत रुंद. समोर हेडच्या खाचेतही तशीच. तिथे ॲल्युमिनियम खरवडल्यासारखं झालं होतं. जळता वायू दर खेपेला त्याच फटीतून सुटत होता आणि जाता जाता फट मोठी करत होता. ही चिमणी. आणि खालचा एक स्टड हाताने ओढला तर हातातच आला. त्याच्या आट्यांत राखाडी धातूची बारीक गुंडाळी अडकली होती, पेन्सिलीला टोक काढताना निघते तशी. ते केसचे आटे होते. मॅग्नेशियमचे. मुळापासून मेलेले.

ते मारले कोणी, हेही मला माहीत होतं. हेड बसवताना १० मिलिमीटरच्या या स्टडांना २३ फूट-पाउंड टॉर्क द्यायचा असतो. मी दिला. मग वाटलं, इंजिन मोठं केलंय, दाब वाढलाय, जरा जास्त असू दे. पाना ३० वर लावला आणि एक फेरी फिरवली. पुढे ‘मनाच्या समाधानासाठी’ अजून एक.

आमच्याकडे हेड गॅस्केटला कोणी गॅस्केट म्हणत नाही, पॅकिंग म्हणतात. हेड पॅकिंग उडालं, हेड पॅकिंग बदललं. पाण्याच्या इंजिनात त्या पॅकिंगला तीन तीन भांडणं मिटवावी लागतात: पाणी तेलात जाता कामा नये, तेल पाण्यात, आणि जळता वायू कुठेच. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात पाणीच नाही. तेल आपल्या वेगळ्या नळ्यांतून जातं. राहिला फक्त वायू. म्हणून बीटलच्या या इंजिनात सिलिंडर आणि हेड यांच्यामध्ये काहीच नसतं. लोखंडाची कड, ॲल्युमिनियमची खाच, आणि त्यांना एकमेकांवर दाबून धरणारे स्टड. आधीच्या काही इंजिनांत तांब्याची पातळ कडी असायची, पुढे तीही गेली. मऊ वस्तू मध्ये घातली की ती तापून चेपते, चेपली की आवळ सैल पडतो, आणि सिलिंडरची उष्णता हेडकडे जायची वाटही अडते. सिट्रोएनच्या टूसीव्हीचीही हीच तऱ्हा, हेडखाली पॅकिंग नाही.

ऐकायला विचित्र वाटतं. कुकरला रिंग लागते आणि ह्याला नको? पण काही कुकरांचं झाकण आतून लागतं, वाफ त्याला वर दाबते आणि जितकी वाफ तितकं ते घट्ट बसतं. इथे सगळं उलटं, दाब झाकण उडवायला टपलेला. ९०.५ मिलिमीटर बोअर म्हणजे ६४ चौरस सेंटिमीटरची तबकडी. पूर्ण जोरात असताना चौरस सेंटिमीटरला ६० किलो दाब धरला तर पावणेचार टनांच्या वर जोर. एक थोराड हत्ती हेडला खालून धडक देतोय आणि इंजिनाचे ४००० फेरे चालू असतील तर सेकंदाला तेहेतीस वेळा देतोय. त्याला धरायला भोवती चार स्टड.

मग ते जास्त आवळले तर बिघडलं कुठे? इथेच मी फसलो आणि इथेच भले भले फसले आहेत. बीटलमध्ये स्टड पोलादाचे, सिलिंडर बिडाचे, हेड ॲल्युमिनियमचं, केस मॅग्नेशियमची. एक मीटर लांबीची पट्टी शंभर अंशांनी तापवली तर पोलाद साधारण १.२ मिलिमीटर वाढतं, बीडही त्याच्याच आगेमागे, ॲल्युमिनियम २.३ आणि मॅग्नेशियम २.६. इंजिन तापलं की हेड आणि केस फुगतात आणि स्टडला ताणतात. थंडीत मी ज्याला घट्ट म्हटलं ते गरमीत कितीतरी जास्त घट्ट. आणि तो सगळा ताण शेवटी जातो कुठे, तर केसमधल्या आट्यांवर, जे मॅग्नेशियमचे आणि गरम झाल्यावर मऊ पडणारे. तिथून ते जरासे सरकतात. रात्री इंजिन थंड झालं, सगळे आपापल्या मापात परतले, पण सरकलेले आटे परतत नाहीत. सकाळी त्याच स्टडवर आवळ कमी. हत्तीला फट मिळते.

स्टड ही खरं तर लांबलचक स्प्रिंग आहे. फोक्सवॅगनने पुढे १० मिलिमीटरचे स्टड काढून ८ मिलिमीटरचे घातले, तेव्हा कोणालाही वाटावं की काटकसर केली. पण बारीक स्टड जास्त ताणतो, त्यामुळे हेड थोडं फुगलं-आकसलं तरी त्याची ओढ फारशी बदलत नाही. जाडजूड स्टड अडून बसतो आणि आटे तोडतो. त्यात टॉर्क पान्याच्या आकड्याचंही फसवं असतं. आपण लावलेल्या जोराचा बहुतेक भाग नटाखाली आणि आट्यांत घासण्यातच खर्च होतो. स्टड ताणायला येतो सुमारे दहावा हिस्सा. आटे कोरडे की तेल लावलेले, वायसर सरळ की खरवडलेला, यावर तोच आकडा वेगवेगळी ओढ देतो. मी २३ म्हणालो तेव्हा आठही स्टड मनात २३ म्हणाले असतील याची खात्री नाही.

मी काही एकटा नाही, हे तेवढंच समाधान. पोर्शची ९११ फ्रँकफर्टला १९६३ साली दिसली. सहा सिलिंडर, प्रत्येकाला स्वतंत्र हेड, पण एका बाजूच्या तीन हेडांवर एकच कॅम हाउसिंग. म्हणजे एक सिलिंडर जरा बुटका निघाला की वरचं सगळं बिऱ्हाड डुगडुगत्या पाटासारखं. १९६८ पासून त्यांनी केस मॅग्नेशियमची केली, वजन वाचलं. इंजिन फुगत फुगत २.७ लिटरला गेलं आणि सत्तरच्या दशकाच्या मध्याला त्या इंजिनांचे स्टड केसमधून उपटायला लागले. तिथे तर सिलिंडरही ॲल्युमिनियमचे. दर शंभर मिलिमीटर लांबीला, शंभर अंशांमागे, पोलादाशी ०.११ मिलिमीटरचा फरक, झेरॉक्सच्या कागदाची जाडी. मग त्यांनी ॲल्युमिनियमच्या जवळपास हिशेबाने वाढणाऱ्या डिलावार नावाच्या पोलादाचे स्टड आणले. हिशेब बिनतोड. पण ते पोलाद गंजाला नाजूक निघालं आणि उभ्या, थंड गाडीतले स्टडही टक्कन तुटायला लागले. १९७८ ला केस पुन्हा ॲल्युमिनियमची झाली.

सांधा झाकायच्या युक्त्याही कमी नाहीत. सिलिंडरच्या डोक्यावर खाच करून तिच्यात सी आकाराच्या छेदाची धातूची कडी, आणि तिच्या पोटात केसासारखी बारीक स्प्रिंग गुंडाळलेली, म्हणजे वरचा आवळ थोडा हलला तरी कडी फुगून फट भरते. मला ही कल्पना फार आवडते. पण पोर्शलाच ती कायम आवडली नाही: १९८९ ला आलेल्या ९६४ मॉडेलच्या पहिल्या इंजिनांत त्यांनी कडीबिडी काही न ठेवता धातूवर धातू टेकवला, सांधे पाझरायला लागले, आणि १९९१ च्या सुमारास सिलिंडर बदलून कडी परत आली.

सगळ्यांत जालीम उपाय १९७८ च्या ९३५ रेसिंग गाडीचा. पांढऱ्या, पसरट अंगामुळे तिला मोबी डिक म्हणायचे. टर्बोचा दाब इतका की हेडचा सांधा टिकवणं कठीण. त्यांनी हेडात पाणी खेळवलं, सिलिंडर हवेवरच ठेवले, आणि हेड सिलिंडरला इलेक्ट्रॉन बीमने वेल्ड करून टाकलं. सांधाच नाही तर गळणार काय?

हे मी बाबांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. ते थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले.

“मग व्हॉल्व्ह बदलायचा कसा?”

“खालून. सिलिंडरच्या तोंडातून आत न्यायचा.”

“म्हणजे पोटातून हात घालून दात घासायचे,” बाबा म्हणाले आणि त्यांनी पेपर उघडला.

माझ्याकडे इलेक्ट्रॉन बीम नव्हता. केस उघडून सोळाही स्टड काढले आणि सगळ्या भोकांत पोलादी बुश बसवले. बाहेरून मोठे आटे, आतून ८ मिलिमीटरचे. मॅग्नेशियमला आता ओढ मोठ्या आट्यांवर वाटून मिळते. हातमशीनने भोक पाडलं तर स्टड तिरका उभा राहतो, म्हणून आधी त्यासाठी जिग केलं. आयुष्यभर लोकांसाठी जिग करून स्वतःच्या कामाला हाताने भोकं पाडायची वेळ आली नाही, एवढं भाग्य. मॅग्नेशियमच्या चुऱ्याला आगीचं भय, म्हणून ड्रिल सावकाश, चुरा लगेच झाडून डब्यात. हेडच्या खाचा नव्याने फिरवून घेतल्या. एका हेडाखालचे दोन्ही सिलिंडर एकाच उंचीचे हवेत, नाहीतर उंच असेल तो सगळा आवळ खातो आणि बुटका फुंकतो. माझ्या दोघांत चार शतांश मिलिमीटरचा फरक निघाला. मी मोजलं नव्हतं, मोजायला हवं होतं.

राहिलं घासणं. सिलिंडरच्या कडेला व्हॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट लावायची, तो हेडच्या खाचेत बसवायचा आणि अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे, मधूनच उचलून जागा बदलायची. पुसून बघायचं. जिथे दोघं टेकतात तिथे मळकट राखाडी पट्टा उमटतो, जिथे टेकत नाहीत तिथे मशीनची चमक तशीच. पट्टा सगळीकडून सारखा, अखंड आला की झालं. मी चारही घासले आणि सोमवारी रात्री तीन नंबरचा सिलिंडर आणि हेड पिशवीत घालून घरी नेलं. बाबा गाळ्यावर येऊ शकत नाहीत, तर गाळा त्यांच्याकडे.

त्यांनी चष्मा काढला. जवळचं बघताना ते चष्मा काढतात. अंगठ्याचं नख त्या राखाडी पट्ट्यावरून सावकाश फिरवत नेलं, घड्याळाच्या पाचावर थांबले, थोडं मागे आले, परत पुढे. मला तिथे काहीच दिसत नव्हतं.

“इथं अजून थोडं.”

मी गॅलरीत बसलो, खाली पेपर अंथरला, हेड मांडीवर घेतलं. जोर लावून घासायला लागलो तसा आतून आवाज आला, “दाबू नकोस. सहाणेवर दाबतोस का?” बाबा अजूनही रोज सकाळी देवासाठी गंध उगाळतात. खोडाला जोर लावला तर ते कचकन सरकतं, चरे पडतात, गंध येतं ते जाडंभरडं. हाताचं नुसतं वजन ठेवून गोल फिरवत राहिलं की एक ओला, घुमल्यासारखा आवाज लागतो आणि तो लागला की गंध लोण्यासारखं सुटतं. लहानपणी गणपतीत हे काम माझ्याकडे असायचं आणि मी दर वर्षी घाईने बिघडवायचो. हात हलका केला. पाच-सात मिनिटांनी करकर कमी झाली, आवाज सारखा झाला. हेडला घुमायला लागलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आईने येऊन पेपर कालचा आहे ना एवढं बघितलं आणि गेली.

पेस्टचा कण जरी राहिला तरी तो पुढे पिस्टन रिंगा खाईल, म्हणून सगळं आधी रॉकेलने, मग गरम पाणी आणि साबणाने धुतलं. त्यासाठी किचनचं सिंक वापरलं हे आईला माहीत नाही. मंगळवारी जुळणी. आट्यांना तेल, नवे वायसर, आधी सगळे नट फक्त टेकेपर्यंत, मग सांगितलेल्या क्रमाने मधून बाहेर, दोन टप्प्यांत. ८ मिलिमीटरच्या स्टडांना १८ फूट-पाउंड. शेवटच्या नटावर पान्याने टक्क केलं. हाताला सवय होती पुढच्या पाव फेऱ्याची. पाना काढला आणि खाली ठेवला. ठेवायला थोडा वेळ लागला हे कबूल करतो.

रविवारी बाबांना खाली उतरवलं. जिन्याने, मजल्या-मजल्यावर थांबत. त्यांना पुढे बसवून उपवनला नेलं, आणि मुद्दाम येऊरच्या चढावर थोडं वर. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धरला. बाबांनी काच खाली केली, मान थोडी मागे वळवली. बीटलचा आपला नेहमीचा खडखडाट, पंख्याची घरघर, रस्त्याकडेच्या झाडांत कावळे. चिमणी नाही. तलावापाशी परत येऊन गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं. ते उतरून मागे गेले, वाकले, डाव्या बाजूला हेडच्या खाली तळहात धरला, नाकाने वास घेतला, तशीच उजवी बाजू पाहिली. मी चहावाल्याला दोन कटिंग सांगितले.

चहा संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग ग्लास कट्ट्यावर ठेवत म्हणाले, “पाचशे किलोमीटर झाले की टॅपेट बघ. गार इंजिनावर. आणि बघितलेला गॅप लिहून ठेव, लगेच पाना नको लावूस.”